वीस मीटरवरचा वाघ आणि सहाशेची लेन्स

२० मीटरवर आडवा उभा असलेला वाघ ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये पुरता मावत नाही. हिशोब सोपा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या प्राण्याचं मीटरमधलं अंतर घ्या, त्याला ३६ ने गुणा, लेन्सच्या मिलिमीटरने भागा. जो आकडा येईल तेवढ्या मीटरची रुंदी फ्रेममध्ये येते. २० मीटरवर ४०० ची लेन्स १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच एवढाच तुकडा दाखवते. शेपूट सोडली तरी मोठ्या नराचं अंग जवळपास एवढं असतं. त्याने मान जरा लांब केली की नाक तरी कापलं जातं, नाहीतर पुठ्ठा.

हे २० मीटर माझ्या मनाचे नाहीत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पर्यटकांच्या गाडीने कुठल्याही वन्यप्राण्यापासून किमान इतकं लांब राहायचं आहे, आणि प्राणी दिसत असताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवायचं आहे. तरीही दिवाळी सरली, सफारीची बुकिंगं सुरू झाली की मला फोन येऊ लागतात. "ताई, सहाशे घेतोय. कमी नाही ना पडणार?" विचारणारा कधी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतो, कधी लग्नाच्या ऑर्डरींवर घर चालवणारा असतो, कधी एखाद्या दैनिकाला फोटोमागे मानधनावर फोटो देणारा. हप्ता किती बसेल हे त्याला तोंडपाठ असतं. आपण कुठे उभे राहणार आणि तिथे उजेड किती असणार, हे विचारलं की तो गप्प होतो.

मी नागपूरची. दैनिकांसाठी खेळांचे फोटो काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि सुट्टी मिळाली की ताडोबा, उमरेड, पेंच. मैदान आणि जंगल, दोन्हीकडे लांब लेन्स लागते खरी. पण ती किती लांब हवी, हे समोरचा प्राणी किंवा खेळाडू ठरवत नाही. तुमची बसायची जागा आणि त्या जागेवरचा उजेड ठरवतो. आमच्याकडे पोरं उलटं करतात: आधी सर्वांत लांब लेन्स घेतात, मग तिच्यासाठी विषय शोधतात. यात त्यांचे पैसे जातात, आणि जंगलात तर त्याहून जास्त काही जातं. म्हणून हे लिहिते आहे.

कबड्डीपासून सुरू करते, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही होतकरू क्रीडा छायाचित्रकाराला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा कबड्डीच मिळते. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. मध्यरेषेपासून अंतिम रेषा साडेसहा मीटरवर, बोनस रेषा पावणेपाच मीटरवर. चढाई करणाऱ्याचा चेहरा बघायचा असेल तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेच्या पलीकडे बसावं लागतं. बोनससाठी पाय टाकतो त्या क्षणी चढाईपटू अंतिम रेषेपासून जेमतेम पावणेदोन मीटरवर असतो. तुम्ही रेषेच्या तीन मीटर मागे मांडी घालून बसला असाल तर तो तुमच्यापासून पाच मीटरही नाही. या अंतरावर २०० मिलिमीटरला ९० सेंटिमीटर रुंदीची फ्रेम मिळते: एक चेहरा, एक पुढे आलेला हात, संपलं. ७० मिलिमीटरला अडीच मीटर मिळते, त्यात चढाईपटू, त्याच्या घोट्याला भिडलेला कोपरारक्षक आणि मध्यरेषेकडे झेपावलेली बोटं एकत्र येतात. कबड्डीचा फोटो हाच. अंतिम रेषेमागे दीडशे-सहाशे घेऊन बसणाऱ्याला त्या पकडीतलं कुणाचं तरी गुडघ्याचं पॅड मिळतं. खो-खोचंही तेच. खांबाशी सूर मारणारा आक्रमक टिपायचा तर खांबाच्या रेषेत, कोपऱ्यात बसायला मिळालं पाहिजे. बसायला मिळालं तर सत्तर-दोनशे पुरून उरते.

आता उजेड. आपल्या जिल्ह्या-तालुक्याच्या इनडोअर हॉलमध्ये दिवे भरपूर आहेत असं वाटतं, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेरा जुळवून घेत नाही. पकडीतला झटका थांबवायचा तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटर लागतो. अशा हॉलमध्ये एफ २.८ च्या लेन्सवर मला आयएसओ ६४०० पर्यंत जावं लागतं. फोटोत दाणे दिसतात, पण छापून चांगला येतो. तिथेच एफ ६.३ ची लेन्स लावा. ती एफ २.८ च्या जेमतेम एक पंचमांश उजेड आत घेते. म्हणजे आयएसओ ३२००० च्या घरात, नाहीतर शटर दोनशेव्या भागावर आणि हात-पाय सगळे फराटे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे काही करू शकत नाही. ते तुमच्या हाताचा थरथराट थांबवतं, खेळाडूची झेप नाही. दुकानात हे सांगितलं जात नाही आणि घेणाऱ्यालाही विचारायचं सुचत नाही. जंगलात चालत असलेला वाघ २५० व्या भागावरही स्वच्छ येतो, म्हणून तिथे स्टॅबिलायझेशन सोन्यासारखं. हॉलमध्ये त्याची किंमत शून्याजवळ.

मग लांब आणि उजेडीही, अशी लेन्स घ्यावी की! ती असते. ४०० मिलिमीटर एफ २.८. चारशेला २.८ ने भागा: १४३ मिलिमीटर. उजेड आत यायला एवढ्या व्यासाची वाट लागते, म्हणजे पुढची काच छोट्या ताटलीएवढी. एवढी काच बिनदोष ओतायची, घासायची, कडांना जांभळी किनार येऊ नये म्हणून आत फ्लोराइटची भिंगं बसवायची. किंमत इथे चढते. फ्लोराइट उष्णतेने प्रसरण पावतं, म्हणून कॅननने या मोठ्या लेन्सना पांढरा रंग दिला. आमच्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात काळी नळी किती तापते हे ज्याने हात लावून पाहिलंय त्याला तो रंग पटतो. वजनात मात्र मोठी सुधारणा झाली आहे. कॅननची १९९९ सालची ४०० एफ २.८ ही ५.३७ किलोची होती. २०१८ ची तिसरी आवृत्ती २.८४ किलोची आहे. माझ्या खांद्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पण किंमत? नवी घ्यायची तर दहा लाखांच्या पुढे. ती लेन्स रोज मोठ्या मैदानावर काम करणाऱ्या संस्थेने घ्यावी. हप्त्यावर घेऊ नये.

क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे, ती मान्य केलीच पाहिजे. आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ ते ९० यार्डांवर असते. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर जाहिरातीच्या फलकामागे बसलं की फलंदाज बहुतेक वेळा ७५-८० मीटरवर. ८० मीटरवर ४०० ला ७.२ मीटर रुंदीची फ्रेम मिळते, ६०० ला ४.८. इथे लांबी हवीच. पण वृत्तपत्रात काम करणाऱ्याला आणखी एक गणित ठाऊक असायला हवं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. दोन्ही बाजूंनी कापून अर्धी ठेवली तरी ३००० उरतात, आणि १५ सेंटिमीटर रुंदीच्या छापील फोटोला १२०० पुरेसे होतात. म्हणजे ४०० मध्ये काढलेला फोटो नीट धारदार असेल तर कापून ८०० सारखा वापरता येतो. अट एकच, धारदार असेल तर. आझाद मैदानासारख्या ठिकाणी, जिथे एकमेकांत शिरलेल्या खेळपट्ट्यांवर एकाच वेळी कितीतरी सामने चालतात आणि तुमच्या फलंदाजामागे दुसऱ्याच सामन्याचा पॉइंट उभा असतो, तिथे लांब लेन्सचा दुसरा उपयोग कळतो: ती मागचं सगळं धूसर करते. पण दुपारच्या उन्हातल्या क्लब क्रिकेटला एफ ६.३ ची झूम चालते. तिथे एफ २.८ साठी जीव टाकायची गरज नाही.

मला एकच लेन्स सांगा म्हटलं तर मी ७०-२०० एफ २.८ सांगते, आणि जुनी सांगते. सोबत १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर. कन्व्हर्टर लावला की ती ९८-२८० एफ ४ होते. एक स्टॉप उजेड जातो, धार फार जात नाही. कॅमेरा क्रॉप बॉडीचा असेल, आणि सुरुवातीला बहुतेकांचा तोच असतो, तर २८० चा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या ४२० इतका अरुंद होतो. म्हणजे सकाळी कबड्डीला कन्व्हर्टर काढून, रविवारी ताडोब्यात कन्व्हर्टर लावून, आणि २० मीटरवरचा वाघ फ्रेम भरून. दुप्पट पटीचा कन्व्हर्टरही मिळतो, पण तो दोन स्टॉप खातो, ऑटोफोकस मंदावतो आणि केसांची धार मऊ करतो. वाघाच्या फोटोत मिशीचा केस अन् केस वेगळा दिसला नाही तर मला तो फोटो द्यायला आवडत नाही, म्हणून तो मी सुचवत नाही.

६०० खरोखर कुणाला लागते? पक्षी टिपणाऱ्याला. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर फांदीवर बसलेला खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटरचा. १० मीटरवरून ६०० ने टिपला तरी फ्रेम ६० सेंटिमीटर रुंद असते आणि पक्षी तिच्या पाव भागात. त्याहून जवळ गेलात तर तो उडतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावेतून रोहित टिपायचे तर १०० ते ४०० ची हलकी लेन्स हातात बरी, कारण नाव हलत असते आणि थवा मोठा असतो. पण काठावरच्या चिखलपायल्या पक्ष्यांना, माळावरच्या शिकरा-ससाण्यांना सहाशेच हवी. सुदैवाने पक्षी उजेडातले आहेत. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, निकॉनची १८०-६००, सोनीची २००-६०० या साऱ्या लांब टोकाला एफ ६.३ च्या आहेत, लाख-दोन लाखांच्या टप्प्यात येतात आणि दोन किलोच्या आसपास भरतात. पक्ष्यांसाठी त्या उत्तम आहेत. निकॉनची २०१८ ची ५०० एफ ५.६ पीएफ तर १,४६० ग्रॅमची. जुनी मिळाली तर दिवसभर हातात धरून चालता येतं. ज्याचं मन पक्ष्यांत आहे त्याने कुणाला न विचारता ही लांबी घ्यावी.

वाघासाठी सहाशे मागणारा मात्र बहुतेक वेळा अंतरावर मात करू पाहत असतो, आणि अंतरावर लेन्सने पूर्ण मात होत नाही. मे महिन्यात ताडोब्यात सकाळचे नऊ वाजले की मातीच्या रस्त्यावरची हवा तापून हलू लागते. दीडशे मीटरवरची वाघीण डोळ्याला स्पष्ट दिसते. फोटो मोठा करून पाहिला की पट्ट्यांच्या कडा विरघळलेल्या असतात. फोकस बरोबर असतो, लेन्स चांगली असते, मधली हवाच खराब असते. जितकी लांब लेन्स तितकी ही थरथर मोठी दिसते. अशा वेळी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघावं. पहिल्या तासाभरात हवा थंड असते, ऊन तिरपं असतं. मी फोटो तेव्हाच काढते. बीन बॅग रिकामी नेते आणि गेटजवळच्या दुकानातून तांदूळ घेऊन भरते. जिप्सीच्या दांड्यावर ती टाकली की अडीच किलोची लेन्सही दगडासारखी स्थिर बसते. आणि चालकाला आधीच सांगून ठेवते, "भाऊ, थांबलो की इंजिन बंद करा." चालू इंजिनाचा हादरा भल्याभल्या स्टॅबिलायझेशनला दाद देत नाही.

त्याच चालकाला मी दुसरीही एक गोष्ट सांगते: पुढे घेऊ नका, इथूनच चालेल. हे वाक्य जिप्सीत फार क्वचित ऐकू येतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ती चित्रफीत बघताना मला संताप आला तो गाड्यांत उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांचा. लांब लेन्स ही जनावराला त्याची जागा देण्यासाठी असते. ती गळ्यात घालून वाघिणीच्या पुढ्यात जाऊन थांबायचं असेल तर ती घेतलीच कशाला? चालकाला जवळ जायला लावणारी बक्षिशी आपण देतो, दंड मात्र त्याला बसतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्याला ५० मीटरवरून वाघाचा फोटो काढण्यात समाधान नाही त्याने वाघाचे फोटो काढू नयेत. ५० मीटरवर ४०० ला साडेचार मीटर रुंदीची फ्रेम मिळते. तीत वाघ असतो, त्याच्या मागचा बांबू असतो, वाळलेलं गवत असतं, पानांतून पडलेलं ऊन असतं. तो कुठे राहतो हे त्या फोटोत दिसतं. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवरून तो ताडोब्यातला की प्राणिसंग्रहालयातला, हे मला सांगता येत नाही.

लांबीचं वेड थोडं कमी व्हावं म्हणून एक उदाहरण देते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागाचं पारितोषिक मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळालं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, वारली वस्तीतल्या घराशेजारच्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या. कॅमेरा आणि फ्लॅश आधीच लावून ठेवलेले, बिबट्या आपल्या रोजच्या वाटेने आला. त्या फोटोमागे पाड्यातल्या माणसांशी जोडलेलं नातं आहे आणि बिबट्याच्या वाटेचा अभ्यास आहे. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

पैशांचा प्रश्न उरतो. मी काम सुरू केलं तेव्हा लांब लेन्स कार्यालयाची असायची. फोटो विभागातल्या कपाटात असायची, रजिस्टरवर सही करून न्यायची आणि रात्री परत ठेवायची. आता नव्या मुलांना पगार नसतो, मानधन असतं, आणि लेन्स स्वतःची आणा असं सांगितलं जातं. संस्थेचा खर्च असा गुपचूप पोरांच्या डोक्यावर आला आहे. दैनिकांनी निदान जिल्हा कार्यालयागणिक एक चांगली ७०-२०० ठेवावी, हे मी संपादकांना सांगत आले आहे आणि इथेही सांगते. छायाचित्रकारांच्या संघटनांनी वर्गणी काढून एखादी ५०० किंवा ६०० घ्यावी आणि आळीपाळीने वापरावी. मुंबई-पुण्यात आणि नागपुरातही लेन्स भाड्याने मिळतात. वर्षातून दोनदा जंगलात जाणाऱ्याला भाडं विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

जुनी लेन्स घेताना मात्र दुकानात घाई करू नका. दोन्ही बाजूंची टोपणं काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, त्याने फोटोला काही होत नाही. कोळिष्टकासारखे बारीक तंतू काचेच्या कडेला दिसले तर ती बुरशी. दमट किनारपट्टीवर पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. मग झूमची कडी पूर्ण फिरवा, फोकस जवळून लांब आणि लांबून जवळ न्या, कुठे अडखळते का पाहा. तिपाईची कडी घट्ट बसते का पाहा, कारण ती ढिली असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते.

थंडी सुरू होईल तशा जिल्ह्या-जिल्ह्यांत कबड्डी आणि खो-खोच्या स्पर्धा लागतील. आयोजकांकडे माझं मागणं छोटं आहे. मॅटच्या दोन्ही अंतिम रेषांमागे, राखीव खेळाडूंच्या आणि पंचांच्या वाटेत येणार नाही अशी दीड मीटर रुंदीची पट्टी छायाचित्रकारांसाठी आखून द्या. पाहुण्यांचे सोफे तिथून उचलून बाजूला न्या. उद्घाटनाचा मंच चढाईपटूच्या पाठीमागे येणार नाही असा लावा, नाहीतर प्रत्येक फोटोत मागे शाल-श्रीफळाचं टेबल येतं. आणि बंद पडलेले दिवे सामन्याच्या आदल्या दिवशी बदलून घ्या. एवढं झालं तर एखादा मुलगा जुन्या सत्तर-दोनशेवर असा फोटो देईल, जो तुमच्या खेळाडूची आई कापून जपून ठेवेल.